बेटम्याला चालेल का?

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'वकीलसाब' म्हणायचे. वकिलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते प्रोग्रामर होते, तेही जुन्या पठडीतले, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी पाठकोऱ्या कागदावर चौकोन आणि बाण काढत बसणारे. पण कुठे बारीक अक्षरात छापलेल्या अटी दिसल्या की त्या शेवटपर्यंत वाचल्याशिवाय या माणसाचं पाऊल पुढे पडत नसे, म्हणून ते नाव पडलं. पार्किंगची पावती उलटी करून वाचणार, ड्रायक्लीनिंगच्या बिलाची मागची बाजू वाचणार. एकदा आम्ही चौघं त्यांच्या गाडीत होतो, मागे हॉर्नवर हॉर्न, आणि हे पार्किंगच्या फाटकात पावती डोळ्यांजवळ धरून म्हणतायत, "गाडीला काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असं लिहिलंय. मग पावती कशाची देतात?" फाटकावरचा माणूस कावला. "अंकल, आगे बढ़ो ना," म्हणाला. अंकल दोन ओळी राहिल्या होत्या त्या संपवूनच पुढे गेले.

एकदा त्यांचा फोन अकरा दिवस बंद होता. बिघडला नव्हता. नवीन अपडेट आलं होतं आणि त्याखाली 'मी सहमत आहे' असं बटण होतं. अटी एकोणचाळीस पानांच्या. यांनी त्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढल्या, जेवणाच्या सुट्टीत रोज चार पानं याप्रमाणे वाचल्या, आणि मगच बटण दाबलं. तोपर्यंत काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, माझ्या फोनवर फोन करायच्या. "जरा देतेस का त्यांना? गॅस संपलाय." एकदा वैतागून मला म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी बरं काही न वाचता हो म्हणाले गं!" मी हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी डब्यातली भाकरी मोडता मोडता गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तेव्हा अटी लेखी नव्हत्या."

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होते. माझं घर इंदूरच्या बडा गणपतीला, आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इथं आले ते इथलेच झाले, त्यामुळे माझ्या मराठीत निम्मी हिंदी असते. पुण्याचे नातेवाईक नाकं मुरडतात. मुरडू देत. सर जवळच्या महूचे, लष्करी छावणीच्या गावचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, हे एकटेच कॉम्प्युटरमध्ये गेले. रोज महूहून यायचे, हिवाळ्यात हाफ स्वेटर, उन्हाळ्यात खिशात कांदा. मी त्यांना सर म्हणायची आणि ते मला बेटा. रागावले की मात्र 'मॅडम'.

अटी वाचायचं हे वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचं हे नेहमीचंच, प्रश्न सकाळी विचारावा आणि उत्तर चहाला मिळावं. चहाच्या वेळी म्हणाले, "माझे वडील म्हणायचे, आपल्या लोकांना कागदानंच बाहेर ठेवलं आणि कागदानंच आत आणलं. म्हणून कागद वाचायचा. पूर्ण वाचायचा." मग कप धुवायला निघून गेले. आपला कप ते स्वतःच धूत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच, आमच्या भाषेत कोड. तो मजकूर सगळ्यांसाठी उघडा ठेवला आणि कोणीही वाचा, बदला, पुढे द्या, हव्या त्या कामाला लावा, अशी परवानगी त्याला जोडली, की त्याला ओपन सोर्स म्हणतात. ती परवानगी म्हणजे लायसन्स. गेल्या काही वर्षांत 'ओपन' या शब्दाला बाजारात फार भाव आलाय. त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या वर पाटी लावतात 'ओपन', आणि आत शिरावं तर ही खोली सोडून, तो माणूस सोडून, अमकं काम सोडून. आमच्या कंपनीत असलं कुठलंही सॉफ्टवेअर वापरायचं तर आधी सरांकडे जायचं. ते लायसन्स वाचून हो किंवा नाही सांगायचे. त्यांचं खरं काम प्रोग्रामिंगच, पण हे दुसरं काम कोणालाच नको होतं आणि त्यांना हवं होतं.

त्यांची कसोटी एकच. पूर्ण वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बेटम्याला चालेल का?"

बेटमा म्हणजे इंदूरहून धारला जायच्या रस्त्यावरचं गाव. तिथं एकाचं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं दवाखान्यांचं सॉफ्टवेअर आसपासच्या लहान दवाखान्यांमध्ये बसवायचं काम तोच करायचा. बारावीनंतर शिकलेला नव्हता, पण काहीही उघडून पाहायची आणि परत जोडायची त्याची तयारी असायची. सरांना तो माणूस फार आवडायचा. तेव्हा कसोटी अशी: बेटम्याचा दुकानदार हे उघडून पाहू शकेल का? त्यात बदल करू शकेल का? बदललेलं शेजारच्या गावात नेऊन, धंदा म्हणून, कोणालाही न विचारता बसवून देऊ शकेल का? तिन्हींना हो असेल तर ओपन. एकालाही 'पण' लागला तर नाही. ऑफिसातली पोरं टिंगल करायची. कँटीनमध्ये नवीन भाजी आली की कोणीतरी ओरडायचं, "वकीलसाब, बेटम्याला चालेल का?" सर चव घेऊन म्हणायचे, "मीठ कमी आहे. पण चालेल."

हट्टी किती, तर एकदा परदेशातल्या एका नावाजलेल्या कंपनीचा आलेख काढायचा प्रोग्राम आम्ही घेतला होता. सगळं जग वापरत होतं. सरांनी तिसऱ्या पानावरची एक ओळ दाखवली: आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या कोणीही हे वापरू नये. इंदूरला भावाला 'भिया' म्हणतात, तसं आमचा टीम लीडर हसून म्हणाला, "भिया, आपण काय त्यांच्याशी स्पर्धा करणार? ते कुठे, आपण कुठे!" सर म्हणाले, "आज नाही. उद्या केली तर? आणि स्पर्धा म्हणजे काय, ते ठरवणार कोण? तेच ना?" तो प्रोग्राम काढावा लागला आणि आलेखांचं सगळं काम नव्यानं करावं लागलं. टीम लीडर त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हता. सरांना ते कळलंसुद्धा नसावं.

आता दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल. ते सरांचं होतं. कागदोपत्री कंपनीचं, पण अकरा वर्षं त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्यांनी लिहिलेली. पेशंटची नोंद, लसीच्या तारखा, औषधाची चिठ्ठी, सगळं एका ठिकाणी. साधं, न अडखळणारं, जुन्या मशीनवरही चालणारं. बेटम्याच्या एका दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी मागणी केली होती की चिठ्ठीवरची अक्षरं मोठी करा, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत. एवढीशी गोष्ट. पण वरून मंजुरी नाही, म्हणून चौदा महिने ती मागणी यादीत पडून होती. दुकानदार दर आठवड्याला सरांना फोन करायचा. "साब, मेरे कू खोल के दे दो ना, मैं खुद कर लूँगा." सर म्हणायचे, "माझं असतं तर दिलं असतं."

म्हणून, कंपनी हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स करणार अशी बातमी आली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं ऑफिसात शीळ घालताना ऐकलं. कारण काय होतं, तर एका मोठ्या धर्मादाय संस्थेला शेकडो दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर हवं होतं आणि त्यांची अट होती की ते ओपन सोर्सच पाहिजे. कंपनीला ते काम हवं होतं. आमचे डायरेक्टर, वयानं माझ्याएवढेच, सगळ्यांना भिया म्हणणारे, एका झटक्यात हो म्हणून आले. वरच्या ऑफिसातल्या लोकांनी लायसन्स तयार केलं. ते खरंच ओपन आहे का, हे तपासून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण हे लायसन्स सरांच्याच सॉफ्टवेअरचं होतं. आपल्याच कामाला पहिला 'पास' आपणच द्यायला नको, म्हणून त्यांनी आधी पाहायचं नाही आणि शेवटची सही त्यांची, असं ठरलं.

इथं मी माती खाल्ली.

लायसन्स तपासायचं एक टूल असतं. त्यात फाईल टाकली की ते ओळखीच्या लायसन्सशी ताडून पाहतं आणि जुळलं की हिरवी खूण देतं. मी फाईल टाकली. हिरवी खूण आली. मी वाचलं का? वाचलं. म्हणजे पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं. शब्द न् शब्द सगळ्या जगाला पाठ असलेलं लायसन्स होतं ते, पुढे काय वाचायचं! मी 'पास' असा रिपोर्ट लिहिला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी संस्थेला कळवलं, कार्यक्रमाची तारीख ठरली, बॅनर छापायला गेला. सरांनी बेटम्याला फोन करून सांगितलं. तिकडून दुकानदार इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या टेबलावर ऐकू आलं. "क्या बात है साब! कब खुल रिया है?"

मग फाईल सरांकडे सहीला गेली. पानं होती पाच. पहिली चार त्या प्रसिद्ध लायसन्सची जशीच्या तशी नक्कल. पाचव्यावर, सगळ्यात खाली, कंपनीनं स्वतःची एक अट जोडली होती: वर काहीही म्हटलं असलं तरी, हे सॉफ्टवेअर किंवा त्यावर आधारलेली सेवा कोणीही धंदा म्हणून देऊ नये. टूलनं पहिली चार पानं ओळखली आणि पाचव्याची गणतीच केली नाही.

सरांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं. ओरडले नाहीत. बोट त्या ओळीवर ठेवून फक्त म्हणाले, "बघा मॅडम."

रिपोर्ट माझा, खूण माझी, बॅनर माझ्या भरवशावर छापलेला. मला वाटलं, संपलं आपलं.

मीटिंग झाली. डायरेक्टर म्हणाले, "सर, मॅडमचा रिपोर्ट तर पास आहे." माझी मान खाली. सर म्हणाले, "टूलनं चार पानं वाचली. मी पाच वाचली." माझं नाव त्यांच्या तोंडी आलंच नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी स्वतः सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी टेबलाखालून माझ्या चपलेवर बूट ठेवला.

डायरेक्टर वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्यानं समजावलं. "ही अट तर बड्या कंपन्यांसाठी आहे. त्या आपलं सॉफ्टवेअर उचलतील आणि विकतील. बेटम्याच्या माणसावर कोण केस करणार आहे, भिया?"

"मग तसं लिहा," सर म्हणाले. "लहान दुकानदाराला चालेल, असं लिहा."

"तसं लिहिलं तर लीगलवाले मान्य करणार नाहीत."

"म्हणजे त्यांना ते नकोच आहे."

"पण कोड तर उघडा होतोय ना? लोक पाहतील, शिकतील. आणि सर, हे सगळं तुम्ही लिहिलंय. पहिल्या फाईलवर तुमचं नाव टाकू. मूळ लेखक म्हणून. मी शब्द देतो."

मी सरांकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांचं नाव त्या सॉफ्टवेअरवर कुठेच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "जरूर उघडा करा. मी कुठे नको म्हणतो? बघायला ठेवलंय असं म्हणा, मी आनंदानं सही करीन. ओपन सोर्स म्हणू नका. ती संस्था शेकडो दवाखाने त्या शब्दावर विसंबून टाकणार. उद्या आपण हात वर केले तर ते दुसऱ्या कोणाकडे जाणार? ज्याच्याकडे जातील त्याला आपण आजच बंदी घालतोय."

त्यांनी फाईलवर एक ओळ लिहिली: 'पाचव्या पानावरची अट काढल्यास हो, ठेवल्यास नाही.' खाली सही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. अगदी जिन्यात, येणारे-जाणारे बघतायत तरी. "सर, थोडं तरी उघडं झालं असतं! सिस्टरबाईंची अक्षरं तरी मोठी झाली असती. तुम्ही स्वतःच्या हातानं दार लावताय." त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, अक्षरं मोठी करून दुकानदार दुसऱ्या गावात बसवायला गेला असता. त्याला वाटलं असतं, खुलं आहे, सरांनी सही केलीय. मग?" मी म्हटलं, "मग काही झालं नसतं! कोणी विचारलं नसतं!" ते म्हणाले, "असेल." आणि महूची बस पकडायला गेले, कारण त्या दिवशी गाडी आणली नव्हती.

वरच्यांनी अट काढली नाही. 'ओपन' शब्द लावता येत नसेल तर उघडं तरी कशाला करायचं, असा त्यांचा हिशेब. संस्थेचं काम गेलं, कार्यक्रम रद्द झाला, सॉफ्टवेअर पूर्वीसारखं कुलपात. सरांनी बेटम्याला फोन केला आणि सरळ सांगून टाकलं, "नाही खुलत. मी अडवलं." दुकानदार काय काय बोलला ते मला माहीत नाही, पण सर पाच मिनिटं नुसतं "हो, हो" म्हणत होते. मी कपाळाला हात लावला. "मी अडवलं, असं कशाला सांगितलं? कंपनीनं अडवलं म्हणायचं!" ते म्हणाले, "सही माझी आहे." अस्सा राग आला होता मला! अजूनही येतो, खोटं कशाला बोलू. बेटम्याच्या त्या माणसानं पुढे कित्येक महिने त्यांना फोन केला नाही, आणि सर दर आठवड्याला त्या वेळेला फोन टेबलावर सुलटा ठेवून बसायचे.

त्यांच्यावर कोणी कारवाई वगैरे केली नाही. नवीन कामं यायची बंद झाली, एवढंच. लायसन्स तपासायचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांनी ते रिटायर झाले. शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म भरून घ्यायचा असतो, तो मीच घेऊन गेले. एकच पान. 'माझ्याकडे कंपनीच्या कोडची कोणतीही प्रत नाही' असं त्यात लिहिलेलं असतं. सगळे न वाचता सही करतात. सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"आज सही करता येणार नाही. घरच्या लॅपटॉपवर प्रत आहे. रविवारी काम करायचो ना, तेव्हाची."

मी इकडेतिकडे पाहिलं. दार लावून घेतलं. आणि जे मला त्या जिन्यातल्या दिवसापासून म्हणायचं होतं ते म्हटलं. "सर, असू दे ना ती. कोणाला कळणार आहे? तुमचंच आहे. बेटम्याला देऊन टाका."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतील. खरंच वाटलं.

"दिलं असतं," ते म्हणाले. "मनात आलं होतं. पण नोटीस आली तर त्याच्या दुकानावर येईल. माझ्यावर नाही. मी पेन्शनीत गेलो."

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन आले. माझ्या टेबलावर उघडला. अकरा वर्षांचा फोल्डर निवडला आणि पुसायला लावला. मशीन जुनं, फाईली हजारो, वेळ लागत होता. फाईलींची नावं एकेक करून पडद्यावरून सरकत होती. सर ती वाचत होते. "हे लसीचं. धाकटी मुलगी आजारी होती तेव्हा लिहिलं." मग, "हे वडील गेले त्या महिन्यातलं. यात चुका होत्या, नंतर काढल्या." मग चिठ्ठी छापायची फाईल आली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला रडू आवरेना. मी ओढणीनं डोळे पुसले तर त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, नजर मात्र पडद्यावरच.

पडदा रिकामा झाला. त्यांनी फॉर्म घेतला, सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती, ती माझी. मी पेन धरलं आणि वरची ओळ पुन्हा वाचायला लागले.

"कर बेटा," ते म्हणाले. "आता त्यात खोटं काही नाही."